विवाह नाकारला, संसाराचे काय?

समलिंगी विवाहास कायद्याची मान्यता देण्याचे सर्वोच्च न्यायालयाच्या पाच न्यायमूर्तींच्या पीठाने १७ ऑक्टोबर २०२३ रोजी नाकारले आणि प्रश्न संसदेकडे सोपविला. अशा सहजीवनास निदान नागरी मान्यता असावी, हे तत्कालीन सरन्यायाधीश धनंजय चंद्रचूड आणि न्या. संजय किशन कौल यांचे मत अल्पमत ठरले. फेरविचाराचे अर्जही जानेवारी २०२५ मध्ये फेटाळले गेले. संस्कृतीच्या अंगाने या विषयाची पुष्कळ चर्चा झाली. अर्थशास्त्राच्या अध्यापकास मात्र त्यातील मिळकतीचा प्रश्न अधिक अस्वस्थ करतो.

समजा, कर्जतहून पहाटेच्या लोकलने मुंबईस नोकरीला जाणारे दोघे पुरुष वीस वर्षे एकत्र राहात आहेत. सदनिका एकाच्या नावावर आहे. हप्ते मात्र दोघांच्या पगारांतून गेलेले. २०१८ च्या निकालापासून त्यांचे नाते हा गुन्हा राहिलेला नाही. परंतु सदनिकेचा मालक मृत्युपत्र न करता निवर्तला, तर १९५६ च्या हिंदू वारसा कायद्याने घर आईकडे जाईल. आईवडील हयात नसतील, तर खालापूर तालुक्यातल्या कुठल्याशा गावी राहणाऱ्या, वर्षानुवर्षे तोंडही न पाहिलेल्या भावाकडे. हप्ते भरणाऱ्यास वारसांच्या यादीत जागा नाही.

अशा जोडप्यांना बँकेत संयुक्त खाते उघडता येईल आणि जोडीदाराला नॉमिनी नेमता येईल, असे केंद्रीय अर्थ मंत्रालयाने २८ ऑगस्ट २०२४ रोजी स्पष्ट केले. पाऊल स्वागतार्ह खरे, पण त्याची धाव तोकडी आहे. आपल्याकडे नॉमिनीला सर्रास ‘वारस’ म्हणतात, आणि घोटाळा तेथेच होतो. ‘कालनिर्णय’कार जयंत साळगावकर यांच्या कुटुंबातील वादात सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर २०२३ मध्ये निर्वाळा दिला की, नॉमिनी झाल्याने शेअर्सची मालकी मिळत नाही, वारसांचा हक्क अबाधित राहतो. विमा कायद्यात २०१५ पासून आईवडील, पती वा पत्नी आणि अपत्ये यांना नॉमिनी म्हणून रकमेवर खरा हक्क मिळाला. जोडीदार तेथेही बाहेरच.

मृत्युपत्र करावे, हा सल्ला योग्यच आहे. ते कोणाच्याही नावे करता येते. पण हयातीतच घर द्यावयाचे म्हटले तर? महाराष्ट्रात पती-पत्नींमधील राहत्या घराच्या बक्षीसपत्रास मूळ मुद्रांक शुल्क अवघे २०० रुपये. परक्यास मात्र बाजारमूल्यावर शुल्क. पंचवीस लाखांच्या सदनिकेस ते लाखाच्या पुढे जाते. शिवाय ‘नातेवाईक’ नसलेल्याकडून आलेली ५० हजारांवरील भेट प्राप्तिकरास पात्र ठरते. या भेदाला एका जोडप्याने २०२५ मध्ये मुंबई उच्च न्यायालयात आव्हान दिले.

यांपैकी निदान मुद्रांकाची सवलत देण्यासाठी ‘विवाह’ हा शब्द उच्चारण्याचीही गरज नाही. दुय्यम निबंधकासमोर उभयतांनी केलेली सहजीवनाची घोषणा ग्राह्य धरावी आणि सवलतीच्या यादीत एक नाते वाढवावे. गैरवापराची भीती कोणी दाखवील. पण ती कोणत्या सवलतीबाबत नसते? मुद्रांक शुल्क राज्याच्या अखत्यारीत आहे. त्यासाठी मंत्रालयाने दिल्लीकडे पाहण्याचे कारण नाही.