आठ वेळा आमदार : दीर्घ कारकीर्दीचा हिशेब कोणत्या वहीत मांडायचा?

मे 2023 मध्ये बंगळूरच्या बी. टी. एम. लेआउट मतदारसंघाने काँग्रेसचे रामलिंग रेड्डी यांना पुन्हा एकदा विधानसभेत पाठविले. त्यांचा हा आठवा विजय. 1989, 1994, 1999 आणि 2004 या चार निवडणुका त्यांनी जयनगर मतदारसंघातून जिंकल्या. मतदारसंघांच्या फेररचनेनंतर 2008 पासूनच्या चार निवडणुका ज्यात कोरमंगला वसले आहे त्या बी. टी. एम. लेआउटमधून जिंकल्या. 1994 मध्ये जनता दलाने आणि 2008 मध्ये भारतीय जनता पक्षाने राज्यातील सत्ता घेतली, तेव्हाही रेड्डी यांची जागा ढळली नाही. अर्थात हे यश केवळ पक्षाच्या लाटेवर मिळालेले नाही.

भांडवली वृत्तपत्रांनी अशा कारकीर्दीला ‘अजिंक्य’, ‘जनतेचा माणूस’ अशी विशेषणे लावून विषय संपवावा, हे त्यांच्या प्रथेला धरूनच आहे. उलट सत्ताधारी वर्गाच्या पक्षाचा प्रतिनिधी म्हणून सर्व आठ विजयांवर एकच शिक्का मारून मोकळे होणे, ही सवय आपल्याकडील काही कार्यकर्त्यांत दिसते. दोन्ही मार्ग सोपे आहेत आणि दोन्ही निरुपयोगी आहेत. ज्या वस्त्यांत मोलकरणी, रिक्षाचालक, बांधकाम मजूर आणि कापड कारखान्यांतील स्त्रिया राहतात, तेथील कष्टकऱ्यांनी एकाच माणसाला चौतीस वर्षे का निवडून द्यावे, हा गंभीर राजकीय प्रश्न आहे. त्याचे उत्तर शोधल्यावाचून शहरी भागात डाव्या चळवळीचे पाऊल पुढे पडणार नाही.

जमीन बदलली, आमदार तोच राहिला

रेड्डी प्रथम विधानसभेत गेले त्यानंतर दोनच वर्षांनी, 1991 मध्ये, केंद्र सरकारने नवे आर्थिक धोरण स्वीकारले. तेव्हापासूनचा कोरमंगलाचा इतिहास म्हणजे त्या धोरणाचा जमिनीवर उमटलेला नकाशाच होय. बंगळूरच्या वेशीबाहेरचे हे एक खेडे. शिनिवागिलू नावाच्या तळ्याच्या पात्रात वसाहत उभी राहिली आणि आज तिला ‘एस. टी. बेड लेआउट’ म्हणतात. महाराष्ट्रातील वाचकाला एस. टी. म्हटले की बस आठवेल. येथे त्या दोन अक्षरांत बुजविलेल्या तळ्याचे नाव दडले आहे. पाणी मात्र आपली जागा विसरत नाही. मोठ्या पावसात ते याच वसाहतीत परत येते. 1997 च्या राष्ट्रीय क्रीडा स्पर्धांसाठी येथे खेळाडूंचे ग्राम उभारले गेले आणि पुढे त्या सदनिका निवासासाठी गेल्या. 2007 मध्ये फ्लिपकार्ट ही कंपनी कोरमंगलातच जन्मली. त्यानंतर या भागाची ओळख नवउद्योगांचे माहेरघर अशी झाली, आणि जमिनीचे भाव सामान्य माणसाच्या हिशेबाबाहेर गेले.

या समृद्धीची दुसरी बाजू एजिपुरा येथे पाहावी. दुर्बल घटकांसाठी पालिकेने बांधलेल्या इमारती इतक्या निकृष्ट होत्या की 2007 मध्ये त्यांतील एक कोसळली. रहिवासी त्याच जागेवर पत्र्याच्या शेडमध्ये राहू लागले. पुढे महापालिकेने खासगी विकासकाशी भागीदारीचा करार केला. त्यात जमिनीच्या एका भागावर व्यापारी संकुल आणि दुसऱ्या भागावर गरिबांची घरे, अशी वाटणी होती. जानेवारी 2013 मध्ये बुलडोझर आणून सुमारे दीड हजार कुटुंबांना तेथून हुसकावण्यात आले. राज्यात आणि महापालिकेत तेव्हा भाजपची सत्ता होती. म्हणून त्या कृत्याची पहिली जबाबदारी त्या पक्षावर येते. परंतु त्याच वर्षी मे महिन्यात सत्ता काँग्रेसकडे आली, या मतदारसंघाचे आमदार मंत्री झाले, तरी उठविलेल्या कुटुंबांना त्यांची जमीन परत मिळाली नाही. सरकार बदलले, जमिनीकडे पाहण्याची दृष्टी बदलली नाही. सत्ताधारी वर्गाच्या दोन पक्षांतील फरक कोठे संपतो, ते एजिपुरा दाखवून देते.

आमदार की नगरसेवक?

मग तरीही मते का मिळतात? उत्तर गटारात, नळात आणि शिधापत्रिकेत आहे. रेड्डी आमदार होण्यापूर्वी महापालिकेत नगरसेवक होते, आणि आमदार झाल्यावरही एका अर्थाने त्यांनी ते काम सोडले नाही. दारात येणाऱ्याचे ऐकणे, अधिकाऱ्याला दूरध्वनी करणे, इस्पितळात खाट मिळवून देणे, रस्ता खणलेला असेल तर बुजवून घेणे, यालाच मतदार ‘काम करणारा आमदार’ म्हणतो. गरीब वस्तीतील स्त्रीला हे क्षुल्लक वाटत नाही, कारण तिच्यासाठी राज्यसंस्था म्हणजे प्रत्यक्षात हेच. तिने अशा माणसाला मत दिले म्हणून तिची राजकीय जाणीव कच्ची ठरविण्याचा अधिकार कोणालाही नाही.

परंतु या व्यवस्थेची किंमत मोजली जाते, ती दोन प्रकारे. पहिली म्हणजे हक्काचे रूपांतर उपकारात होते. नळाला पाणी येणे हा नागरिकाचा अधिकार. तो आमदाराच्या शब्दाने मिळाला की नागरिक ऋणको बनतो आणि दर पाच वर्षांनी मताने ते ऋण फेडतो. दुसरी किंमत स्थानिक लोकशाहीची. बंगळूर महापालिकेच्या निर्वाचित सभागृहाची मुदत सप्टेंबर 2020 मध्ये संपली. त्यानंतर वर्षे लोटली, तरी निवडणूक झाली नाही. भाजपच्या राजवटीत झाली नाही, काँग्रेसच्याही राजवटीत लांबणीवर पडत राहिली. 2025 मध्ये ‘ग्रेटर बंगळूर’ कायदा अमलात आणून महापालिकेचे पाच तुकडे करण्यात आले, तेही निर्वाचित नगरसेवकांवाचून. नगरसेवक नसले की सर्व सूत्रे आमदाराच्या हाती एकवटतात. ही अवस्था आमदारांना गैरसोयीची नाही. म्हणूनच ती टिकते.

एवढे करूनही नागरी कामे तरी वेळेवर होतात काय? एजिपुरा ते केंद्रीय सदन हा सुमारे अडीच किलोमीटरचा उड्डाणपूल 2017 मध्ये हाती घेण्यात आला. कंत्राटदार बदलला, सरकारे बदलली, मुदती उलटल्या. 2025 मध्येही कोरमंगलाच्या मध्यभागी त्याचे काम अपुरेच होते. व्यक्तीचे वजन कितीही असो, कंत्राटदारी व्यवस्थेपुढे ते किती हलके ठरते, याचे हे सिमेंटमधले प्रमाण.

मंत्रिपदाच्या खात्यावर जमा आणि नावे

रेड्डी 2013 ते 2017 परिवहनमंत्री होते, सप्टेंबर 2017 च्या आरंभी गृहमंत्री झाले आणि 2023 मध्ये त्यांच्याकडे परिवहन खाते पुन्हा आले. या काळाचा हिशेब प्रामाणिकपणे मांडला पाहिजे.

गृहखाते हाती घेऊन काही दिवसही झाले नव्हते, तोच 5 सप्टेंबर 2017 रोजी पत्रकार गौरी लंकेश यांची त्यांच्या घराच्या दारात हत्या झाली. महाराष्ट्रातील पक्षसभासदाला हा विषय केवळ शेजारच्या राज्याचा नाही. डॉ. नरेंद्र दाभोलकर 2013 मध्ये पुण्यात, कॉम्रेड गोविंद पानसरे फेब्रुवारी 2015 मध्ये कोल्हापुरात आणि डॉ. एम. एम. कलबुर्गी त्याच वर्षी ऑगस्टमध्ये धारवाडमध्ये मारले गेले होते, आणि तपास रेंगाळत होते. कर्नाटक सरकारने तातडीने विशेष तपास पथक नेमले. या पथकाने आरोपी पकडले. कलबुर्गी व लंकेश यांच्या हत्येत एकच पिस्तूल वापरले गेल्याचे न्यायवैद्यक तपासणीतून पुढे आले. हे धागे पुढे महाराष्ट्रात पोचले आणि दाभोलकर हत्येचा अडलेला तपासही हलला. 10 मे 2024 रोजी पुण्याच्या न्यायालयाने त्या खटल्यात दोघांना जन्मठेप ठोठावली, तिघे सुटले. श्रेय मुख्यतः तपास अधिकाऱ्यांचे आणि रस्त्यावर उतरलेल्या जनतेचे आहे. तथापि सरकार कोणाचे आहे याने काहीच फरक पडत नाही असे म्हणणाऱ्यांनी कर्नाटकातील तपासाची महाराष्ट्रातील तपासाशी तुलना करून पाहावी.

परिवहन खात्यात चित्र अधिक गुंतागुंतीचे आहे. 11 जून 2023 पासून ‘शक्ती’ योजनेखाली कर्नाटकातील स्त्रियांना राज्याच्या साध्या बसगाड्यांतून विनामूल्य प्रवास मिळू लागला. जुलै 2025 मध्ये या प्रवासांची संख्या 500 कोटींवर गेली. महाराष्ट्रात मार्च 2023 पासून स्त्रियांना एस. टी. भाड्यात निम्मी सवलत आहे; कर्नाटक त्याच्या पुढे गेले. बोम्मनहळ्ळीच्या कापड कारखान्यात जाणारी किंवा कोरमंगलातील चार घरची धुणीभांडी करणारी स्त्री रोजच्या मजुरीतून बसभाड्याचे पैसे वाचवू लागली, ही वास्तविक सुधारणा आहे. ‘फुकटेगिरी’ म्हणून तिची हेटाळणी करणाऱ्या मध्यमवर्गीय टीकाकारांत सामील होण्याचे कारण नाही.

पण बस चालविणाऱ्याचे काय? याच मंत्र्यांच्या पहिल्या कारकीर्दीत, जुलै 2016 मध्ये, परिवहन कामगारांनी 35 टक्के वेतनवाढ मागून तीन दिवस राज्यभर चाके थांबविली. तडजोड साडेबारा टक्क्यांवर झाली. दुसऱ्या कारकीर्दीत, 5 ऑगस्ट 2025 रोजी, आयटक व सिटूशी संलग्न संघटनांसह संयुक्त कृती समितीला पुन्हा संप पुकारावा लागला. मागणी होती 38 महिन्यांच्या थकबाकीची आणि नव्या वेतनकराराची. सरकार 14 महिन्यांच्या पलीकडे जाण्यास तयार नव्हते. अत्यावश्यक सेवा कायद्याचा बडगा आणि उच्च न्यायालयाचा आदेश यांमुळे एका दिवसात संप मागे घ्यावा लागला. जानेवारी 2025 मध्ये भाडेवाढ 15 टक्के झाली होती. तिचा भार पुरुष प्रवाशांवर पडला. शिवाय नव्या विजेवरील बसगाड्या कंत्राटी पद्धतीने येत आहेत. गाडी कंपनीची, चालक कंपनीचा, आणि वाहक तेवढा महामंडळाचा. सवलतीची घोषणा सरकारने करायची आणि तिचा भार कामगाराच्या थकबाकीवर व कंत्राटीकरणावर टाकायचा, हा या धोरणाचा खरा अंतर्विरोध आहे. बसमधील स्त्री आणि बसचा चालक यांना परस्परांविरुद्ध उभे करण्यासाठी हाच अंतर्विरोध वापरला जातो. दोघांनाही एकाच मागणीपत्रावर आणणे, हे कामगार संघटनांचे काम आहे.

निष्ठा आणि वारसा

जुलै 2019 चा प्रसंग विसरता येणार नाही. 2018 मध्ये मंत्रिमंडळातून वगळले गेल्याने नाराज झालेल्या रेड्डी यांनीही आघाडी सरकार पाडू पाहणाऱ्या आमदारांबरोबर राजीनामा दिला. पुढे तो मागे घेऊन त्यांनी विश्वासदर्शक ठरावाच्या बाजूने मत दिले. सरकार मात्र 99 विरुद्ध 105 मतांनी कोसळले. त्यांचे अनेक सहकारी भाजपात जाऊन मंत्री झाले. रेड्डी गेले नाहीत. अखेरीस घेतलेली भूमिका योग्यच होती. परंतु एवढ्या अनुभवी प्रतिनिधीची नाराजीही मतदारांच्या एखाद्या प्रश्नावरून नव्हे, तर पदावरून व्यक्त व्हावी, हे भांडवली संसदीय राजकारणाच्या प्रकृतीचे लक्षण आहे.

वारशाचा प्रश्नही असाच. त्यांची कन्या सौम्या रेड्डी 2018 मध्ये जयनगरमधून निवडून आल्या आणि 2023 मध्ये अवघ्या 16 मतांनी पराभूत झाल्या. घराणेशाहीवर बोट ठेवणे सोपे आहे. पण महाराष्ट्रातील दाखला पाहिल्यावर बोलण्यात थोडा संयम यावा. शेतकरी कामगार पक्षाचे गणपतराव देशमुख 1962 पासून सांगोल्यातून अकरा वेळा विधानसभेवर गेले. 1972 आणि 1995 मध्ये हरले, आणि पुन्हा जिंकले. एस. टी. ने प्रवास करणारा आमदार म्हणून त्यांची ख्याती झाली. परंतु त्यांचे खरे मोल त्या साधेपणात नव्हते. क्रांतिवीर नागनाथअण्णा नायकवडी यांच्याबरोबर आटपाडीच्या पाणी परिषदांतून दुष्काळी तालुक्यांच्या समन्यायी पाणीवाटपाची मागणी त्यांनी संघटित केली. सभागृहातील प्रश्न आणि माळावरील मेळावा ही तेथे एकाच लढ्याची दोन अंगे होती. सांगोल्याच्या शेतकऱ्याला पाणी आमदाराने ‘दिले’ नाही. त्याने ते आमदाराला बरोबर घेऊन मागितले. बंगळूरच्या आठ विजयांत आणि सांगोल्याच्या अकरा विजयांत हा मूलभूत फरक आहे. आणि तरीही जुलै 2021 मध्ये गणपतराव गेल्यावर सांगोल्याची ती जागा 2024 मध्ये त्यांच्या नातवाच्याच नावे पक्षाकडे परत आली. चळवळीने वाढविलेला विश्वासही अखेर घराण्याच्या नावाने ओळखला जाऊ लागतो, हा इशारा डाव्या पक्षांनी स्वतःसाठीही घ्यावयास हवा.

कार्यकर्त्यापुढील काम

यातून निघणारे निष्कर्ष स्पष्ट आहेत. एक : वस्तीतील दैनंदिन कामे टाळून कोणालाही शहरात पाय रोवता येणार नाही, परंतु ती कामे वशिल्याने नव्हे, तर वस्ती समितीच्या सामूहिक अर्जाने आणि मोर्चाने झाली पाहिजेत. दोन : निर्वाचित महापालिकेची मागणी ही केवळ घटनात्मक तपशिलाची बाब नाही, तीवाचून गरिबाला आमदाराच्या दाराखेरीज दुसरे दार उरत नाही. तीन : सुधारणेचे स्वागत आणि तिच्या खर्चाच्या वाटणीविरुद्ध लढा, ही दोन्ही कामे एकाच वेळी केली पाहिजेत.

भविष्यनिर्वाह निधीतील पैसे काढण्यावर केंद्र सरकारने घातलेल्या निर्बंधांविरुद्ध एप्रिल 2016 मध्ये कोरमंगलापासून फार दूर नसलेल्या होसूर रस्त्यावर हजारो कापड कामगार स्त्रिया उतरल्या. त्यांच्यापुढे कोणी आमदार नव्हता. दोन दिवसांत दिल्लीला तो निर्णय मागे घ्यावा लागला. आठ निवडणुका जिंकणाऱ्या नेत्याची ताकद मोठी खरी. पण ती कोठून येते, ते त्या दोन दिवसांत रस्त्यावर दिसले. ती ताकद दर पाच वर्षांनी उसनी देण्याऐवजी कायमची संघटित कशी करावयाची, हाच कोरमंगलापासून कोल्हापूरपर्यंतच्या पक्षसभासदांपुढील प्रश्न आहे.