अणूंचा छापखाना

धातूची काच म्हणजे अणू शिस्तीत रांगा लावायच्या आत गोठलेला धातू. तिच्या पातळ थरावर नॅनोमीटरची नक्षी साच्याने उठवायची तर महागडी प्रयोगशाळा हवी. तेच दाबणं अणू-अणूने संगणकावर बघायचं असेल तर? 'लॅम्प्स' हे सॉफ्टवेअर फुकट आहे. काही हजार अणू साध्या पीसीवरही चालतात. म्हणजे पुण्याच्या 'परम ब्रह्म'ची वाट न बघता हरसूलच्या बीएस्सीवाल्या पोरालाही सुरुवात करता येईल.

फक्त चित्रांना भुलू नका राव! एक पायरी साधारण १ फेम्टोसेकंदाची, म्हणजे १० लाख पायऱ्यांचा जेमतेम १ नॅनोसेकंद. तेवढ्यात १० नॅनोमीटर दाबायचं तर साचा सेकंदाला १० मीटर वेगाने आदळतो. खऱ्या प्रयोगात तो सावकाश दबतो. म्हणून हे उत्तर अंतिम नाही. पण प्रयोगात नेमकं काय तपासायचं, ते कळतं. कॉलेजांनी हे शिकवायलाच हवं, असं आपलं मत. तुमचं?