कॅपखालची चांदी : भीती नेमकी कशाची?

वीस-पंचवीस वर्षांपूर्वी किडलेली दाढ दाखवायला यावलहून भुसावळ किंवा जळगाव गाठले, की दाढेत बहुधा ‘चांदी’ भरून मिळे. पुढे दाढ कमकुवत झाली, की कित्येकदा त्या चांदीवरच कॅप बसे. आता ‘ती चांदी म्हणजे विषारी पारा, आत गंजतो आहे’ असे कानावर आले, की न दुखणारी कॅपही काढून टाकावीशी वाटते. शंका रास्त आहे. घाई मात्र नको.

अमाल्गम नावाच्या या मिश्रणात वजनाने सुमारे निम्मा पारा असतो. उरलेल्यात चांदी, कथील आणि तांबे. चावताना त्यातून पाऱ्याची अत्यल्प वाफ सुटते. कॅपने झाकलेल्या भरावाची अशी झीज होत नाही.

गंजण्याची गोष्ट खोटी नाही. दोन वेगळे धातू लाळेत एकमेकांना टेकले, की सूक्ष्म विद्युतप्रवाह वाहतो आणि त्यातला एक झिजू लागतो. धातूच्या कॅपखाली अमाल्गमचे असे होऊ शकते. पण त्यासाठी लाळ आत शिरावी लागते. कॅपखालचे सिमेंट विरघळले, की लाळेबरोबर जंतूही शिरतात. म्हणून गंजापेक्षा मोठा धोका त्या फटीतल्या किडीचा. रूट कॅनाल झालेली दाढ ठणकत नाही आणि धातूच्या कॅपआडचे एक्स-रेत दिसत नाही. कळते तेव्हा अनेकदा दाढच काढावी लागते.

अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने २०२० मध्ये गरोदर व स्तनदा माता, लहान मुले, मूत्रपिंडाचे आणि मज्जासंस्थेचे रुग्ण यांच्यासाठी नवे अमाल्गम शक्यतो टाळण्यास सांगितले. त्याच वेळी सुस्थितीतला जुना भराव काढू नये, असेही स्पष्ट केले. कारण तो कोरून काढतानाच वाफ जास्त सुटते आणि निरोगी दातही खरवडला जातो.

पाऱ्याला निरोप द्यायलाच हवा. मिनामाता करार भारताने २०१८ मध्ये मान्य केला. २०२५ च्या जिनिव्हा परिषदेत दंत-अमाल्गमचा वापर २०३४ पर्यंत थांबवण्याचे ठरले. पण हा निर्णय पुढच्या भरावांसाठी आहे. तोंडातल्या जुन्या कॅप उखडण्याचा आदेश नव्हे.

खरी उणीव कागदाची आहे. कॅप बसवताना आत काय ठेवले, हे रुग्णाला क्वचितच लिहून मिळते. दहा वर्षांनी दुसऱ्या डॉक्टरला अंदाजावर काम करावे लागते. कॅपखालचा पदार्थ, कॅपचा धातू आणि तारीख अशी एक चिठ्ठी देणे प्रत्येक दवाखान्याला सहज जमेल. रुग्णानेही ती मागून घ्यावी. हिरडी सुजणे, वास येणे, कॅप हलणे, धातूची चव रेंगाळणे यांपैकी काही जाणवले, तर तपासणी लांबवू नये. काहीच नसेल, तरी वर्षातून एकदा दात दाखवावेत. भीतीपोटी चांगली दाढ गमावणे आणि दुखत नाही म्हणून किडकी दाढ विसरणे, दोन्ही महागच पडते.