दोन चाकांवरची दिग्विजयी माणसे

इंग्लंडात मोटारसायकलींची एक मुलखावेगळी स्पर्धा असते. तिला ‘ट्रायल्स’ म्हणतात. तिथे वेगाला फारशी किंमत नाही. खडक, चिखल, ओढ्यातले गोटे यांवरून गाडी न्यायची आणि पाय जमिनीला टेकू द्यायचा नाही. टेकला की दोषगुण चढला. या खेळाचा जुना बादशहा सॅमी मिलर. त्याच्या नावाचे मोटारसायकलींचे संग्रहालय हॅम्पशरमधल्या न्यू मिल्टन या गावी आहे. मुलांना घेऊन आईबाप ते पाहायला जातात.

हे वाचले की मनात येते, तोल आणि चिकाटी यांच्या जोरावर दोन चाकांवरून जग पाहून आलेली माणसे आपल्या मुंबईतही होऊन गेली. त्यांचे आपण काय केले?

15 ऑक्टोबर 1923 रोजी बॉम्बे वेटलिफ्टिंग क्लबचे सहा पारशी तरुण सायकलींवरून पृथ्वीप्रदक्षिणेला निघाले. आदी हकीम, जाल बापासोला, रुस्तम भुमगरा, गुस्ताद हाथीराम, केकी पोचखानावाला आणि नरिमान कापडिया. वाटेत कोणी परत फिरले, हाथीराम अमेरिकेतच राहिले. हकीम, बापासोला आणि भुमगरा हे तिघे मात्र 18 मार्च 1928 रोजी मुंबईत परतले. चार वर्षे पाच महिने आणि सुमारे 44 हजार मैल! बलुचिस्तान, इराण, बगदादपासून अलेप्पोपर्यंतचे वाळवंट, युरोप, अमेरिका, जपान, चीन, ब्रह्मदेश असा तो फेरा होता. त्यांनी लिहिलेल्या प्रवासवर्णनाला पंडित नेहरूंनी प्रस्तावना दिली.

हे तिघे अजून वाटेतच होते, तेव्हा 1924 साली फ्रामरोझ दावर हा क्रीडा-पत्रकार एकटाच निघाला. व्हिएन्नात त्याला गुस्ताव श्टावयानिक हा जोडीदार मिळाला. दोघांनी सहारा ओलांडले, दक्षिण अमेरिकेतली अरण्ये पालथी घातली. दावर परतले 1931 साली. पुढे 1933 मध्ये केकी खरास, रुस्तम गांधी आणि रतन श्रॉफ निघाले. ते 1942 साली, महायुद्ध ऐन भरात असताना घरी आले.

सायकल म्हणजे काय, हे गिरगावातल्या आणि लालबागच्या जुन्या वाचकांना सांगायला नको. तासाच्या भाड्याने आणलेली, दांड्याखालून पाय घालून शिकलेली, डबलसीटसाठी आणि रात्री दिव्यासाठी पोलिसाने अडवलेली ती सायकल. पंक्चर झाले तर कोपऱ्यावर दुकान होते. बगदादच्या पुढे वाळूत पंक्चर झाले तर? त्या काळात ना वाटा सांगणारी यंत्रे होती, ना घरी क्षणात खुशाली कळवण्याची सोय. सोबत फक्त पाय आणि शाबूत डोके.

मग ही नावे आपल्या मुलांना पाठ का नाहीत? मला दोन कारणे दिसतात. एक म्हणजे आपल्याला पराक्रम कळतो तो धावफलकावरचा. समोर प्रतिस्पर्धी हवा, शेवटी पदक हवे. या मंडळींनी हरवले ते अंतराला. त्याचा धावफलक कुणी लावायचा? दुसरे कारण अधिक बोचरे आहे. ही ‘पारशांची गोष्ट’ म्हणून आपण ती त्यांच्या वसाहतींच्या फाटकाआड ठेवून दिली. दादरला पारशी कॉलनी आणि हिंदू कॉलनी शेजारी शेजारी आहेत, पण आठवणींचा शेजार आपण राखला नाही. ज्या गावातून माणूस निघतो आणि ज्या गावी परततो, त्या गावाचा त्याच्यावर हक्क असतो. तसे कर्तव्यही असते.

स्मरण म्हणजे नुसती पाटी नव्हे. पाटी हवीच, पण सायकलस्वाराला आज या शहरात जागा किती? वांद्रे-वरळी सागरी सेतू 2009 साली झाला, त्यावर सायकलला बंदी. 2024 साली खुल्या झालेल्या अटल सेतूवर बंदी. त्याच वर्षी सुरू झालेल्या किनारी रस्त्याच्या मुख्य मार्गावरही बंदी. मुंबई-पुणे शर्यत चार वेळा जिंकणारे अशोक खळे महामार्गावरील अपघातानंतर गेले. वाळवंटे पार करणाऱ्यांच्या शहरात घरापासून खोपोलीपर्यंतची वाट धोक्याची ठरावी, याला काय म्हणावे?

कोणी म्हणेल, एवढ्या रहदारीत सायकल कशी चालणार? वेगवान पुलावर ती नको, हे मान्य. पण पहाटे दूध-पाव पोचवणारा, पेपर टाकणारा, डबे नेणारा आजही सायकलवरच असतो. तो कुठून तरी जातोच. आपण फक्त त्याच्याकडे पाहत नाही. नवा रस्ता आखताना त्याच्यासाठी हातभर पट्टा राखणे, ही चैन नव्हे.

म्हणून एवढेच मागणे आहे. शाळांनी या वीरांचा एक धडा मुलांना सांगावा, महापालिकेने एखाद्या चौकाला त्यांचे नाव द्यावे आणि त्या चौकातून सायकलवर निघालेले मूल संध्याकाळी धडधाकट घरी परत येईल एवढी काळजी घ्यावी. शेवटची गोष्ट झाली, तर पहिल्या दोन शोभतील.