शिंप्याच्या दुकानातील परके कापड आणि विमा

शिलाईच्या दुकानात मालकाचे स्वतःचे असे काय असते? चार-सहा मशिनी, एक ओव्हरलॉक, कटिंगचे टेबल, इस्त्री आणि अस्तर-बटणांचे डबे. बाकी जे टांगलेले व रचलेले दिसते ते सारे दुसऱ्याचे असते. कुणाच्या शेरवानीचे कापड, कुणाच्या मुलीचा शरारा, कुणा व्यापाऱ्याने शिवायला दिलेले तागे. सणाच्या तोंडावर तर मशिनींपेक्षा या परक्या कापडाचीच किंमत जास्त होते. आणि विमा असलाच तर तो नेमका मशिनींचा असतो!

हे आम्ही ऐकीव सांगत नाही. आम्ही सांगलीच्या बाजारात तीस वर्षे कापडाचा व्यापार करीत आहोत. ऑगस्ट २०१९ मध्ये कृष्णेला महापूर आला. आयर्विन पुलाजवळ धोक्याची पातळी ४५ फूट आहे. पाणी ५७ फुटांवर गेले. १२ ऑगस्टला बकरी ईद होती. म्हणजे शिंप्यांची दुकाने गच्च भरलेली असताना पाणी बाजारपेठेत शिरले. आमचे कुर्त्यांचे अकरा तागे एका जुन्या मास्तरांकडे होते. त्यांनी रात्रीतून सारे कापड माळ्यावर चढवले. २००५ च्या पुरात पाणी माळ्याला लागले नव्हते, हा त्यांचा हिशेब. या वेळी माळाही बुडाला.

पाणी ओसरल्यावर मास्तर बँकेत गेले. मशिनींचे कर्ज देताना बँकेने विमा उतरवला होता. त्याची प्रत त्यांनी त्या दिवशी प्रथम पाहिली. तिच्यात मशिनी होत्या, ग्राहकांचे कापड नव्हते. आम्ही आमची पॉलिसी काढली. तिच्यात आमच्या दुकानाचा व गोदामाचा पत्ता होता, मास्तरांच्या दुकानाचा नव्हता. दोघांचेही हप्ते वेळेवर भरलेले, पण त्या अकरा ताग्यांतील एक मीटर कापडही कोणत्याच विम्यात बसले नाही. सर्व्हेअरला दोष देण्यात अर्थ नव्हता. कागदावर होते तेच त्याने वाचले. आमचे नुकसान आम्ही कसेबसे सोसले. मास्तरांनी मात्र ग्राहकांचे पैसे दोन वर्षे थोडे थोडे करून फेडले.

कायदा काय म्हणतो? १८७२ च्या भारतीय करार कायद्यातील कलम १५१ प्रमाणे, दुसऱ्याचा माल ताब्यात घेणाऱ्याने शहाणा माणूस स्वतःच्या मालाची घेईल तेवढी काळजी घ्यावी. तेवढी घेतली असेल आणि वेगळा करार नसेल, तर कलम १५२ प्रमाणे नुकसानीची जबाबदारी त्याच्यावर येत नाही. म्हणजे महापुरात मास्तर कायद्याने सुटू शकले असते. पण शिंप्याचा धंदा नावावर चालतो. ज्या घरातील लग्नाचे कपडे बुडाले, त्या घराला कलम वाचून दाखवता येत नाही. मास्तर म्हणाले, "अमानत होती, कलम कसले सांगू?" यावर आमच्याकडे उत्तर नव्हते.

म्हणून शिलाईकाम करणाऱ्या बांधवांनी पुढील गोष्टी पक्क्या कराव्यात.

पहिली गोष्ट, आगीच्या विम्यात विश्वासाने ताब्यात आलेला दुसऱ्याचा माल सहसा आपोआप धरला जात नाही. 'ग्राहकांचे व व्यापाऱ्यांचे शिवण्यासाठी आलेले कापड' असे पॉलिसीत स्पष्ट लिहून घ्यावे व त्याची वेगळी रक्कम धरावी. एप्रिल २०२१ पासून लहान धंद्यांसाठी 'भारत सूक्ष्म उद्यम सुरक्षा' ही पॉलिसी आहे. एका ठिकाणची मालमत्ता पाच कोटींपर्यंत असेल तर ती मिळते. आग, पूर, भूकंप, दंगल हे धोके तिच्यात येतात. चोरीचे मात्र वेगळे आहे. कुलूप तोडून होणाऱ्या चोरीसाठी घरफोडीचा विमा निराळा घ्यावा लागतो.

दुसरी गोष्ट, रक्कम सणाच्या मालावर धरावी. दुकानात चार लाखांचा माल असताना विमा दोन लाखांचा असेल आणि एक लाखाचे नुकसान झाले, तर हातात पन्नास हजारच येतात. नव्या पॉलिसीत पंधरा टक्क्यांपर्यंतची तूट माफ आहे, त्यापुढची नाही. हप्ता वाचवायला रक्कम कमी लिहिणारा असा फसतो.

तिसरी गोष्ट वहीची. मास्तरांच्या वहीत छाती, कंबर, बाही सारे असते; कापड किती मीटर आणि किती किमतीचे, हे नसते. मग नुकसान सिद्ध कसे करणार? पावतीवर मीटर व अंदाजे किंमत लिहावी आणि त्या पानाचा फोटो रोज घरच्या दुसऱ्या मोबाईलवर पाठवावा. वहीही पुरात जाते.

विमा जायज आहे का, हा प्रश्न आपल्यातील अनेकांच्या मनात असतो. जेद्दा येथील आंतरराष्ट्रीय इस्लामी फिकह अकादमीने १९८५ साली ठराविक हप्त्याचा व्यापारी विमा नाकारला आणि परस्पर सहकार्याचा विमा मान्य केला. येथील परिस्थिती पाहून परवानगी देणारे उलमाही आहेत. ज्याने त्याने आपल्या भरवशाच्या आलिमांना विचारावे. ज्यांना विमा नको त्यांनी मास्तरांचा मदत फंड उभारावा. मात्र तो एकाच गल्लीचा नसावा. पूर आला की सारी गल्ली एकदम बुडते. मग देणारा कोण उरणार? सांगली, मिरज, कोल्हापूर असा दूरवर पसरलेला फंडच उपयोगी पडेल.

शेवटी आम्हा व्यापाऱ्यांविषयी. ताग्यांचे मालक आम्ही. मग त्यांची काळजी मास्तरांच्या एकट्याच्या डोक्यावर का? आता आम्ही ज्या ज्या दुकानात माल शिवायला देतो, त्याचा पत्ता आमच्या पॉलिसीत लिहून घेतो. हप्ता थोडा वाढतो, त्याची तक्रार नाही. इतर व्यापारी बांधवांनीही आपली पॉलिसी आजच कपाटातून काढावी आणि तिच्यात किती पत्ते आहेत ते मोजावे.