ड्युटीला डॉक्टर, हक्काला विद्यार्थिनी?

सरकारी रुग्णालयाच्या भिंतीवर लिहिलेले असते : पहिले सहा महिने बाळाला फक्त आईचेच दूध. त्याच भिंतीआड एम.डी. करणारी निवासी डॉक्टर रात्रपाळीत दूध पिळून बेसिनमध्ये सोडताना आम्ही पाहिली आहे. दूध ठेवायला ना खोली, ना फ्रीज.

तिला प्रसूती रजा मिळते, नाही असे नाही. पण तिच्या जागी बदली डॉक्टर दिला जात नाही. तिची ड्युटी सहकाऱ्यांच्या माथी येते आणि "आत्ताच मूल हवे होते का?" हे तिलाच ऐकावे लागते. प्रशासन नामानिराळे! 2017 च्या दुरुस्तीने 50 कर्मचाऱ्यांच्या आस्थापनेला पाळणाघर बंधनकारक केले. ते मागितले की उत्तर येते, तुम्ही तर विद्यार्थिनी.

1928 साली मुंबई कायदेमंडळात बाबासाहेबांनी गिरणी कामगार बाईच्या प्रसूती रजेची बाजू घेतली, तेव्हा हा भार मुख्यतः सरकारने उचलावा असेच ते म्हणाले होते. आज तो तिच्या आईवर पडतो. वस्तीतून आलेल्या पहिल्या पिढीच्या डॉक्टरची आई धुणीभांडी सोडून नातवाला सांभाळायला येणार कशी? म्हणून आमची मागणी साधी आहे : बदली डॉक्टर आणि रात्रीही उघडे राहणारे पाळणाघर.