उत्तरतालिका येण्यापूर्वी

इंग्रजी व्याकरणाची वस्तुनिष्ठ प्रश्नपत्रिका संपून परीक्षाकेंद्राचे फाटक उघडले की, बाहेर पडलेले उमेदवार घरची वाट धरण्याऐवजी प्रश्नपुस्तिका उघडून घोळक्याघोळक्याने उभे राहतात, आणि 'तू कितवा पर्याय लिहिलास?' ह्या एका प्रश्नातून जो वाद उपस्थित होतो तो एस.टी. स्थानकापर्यंत त्यांच्याबरोबर चालत जातो, हे आपल्या व्यवसायातील प्रत्येकाने पाहिलेले आहे. ह्या वादाकडे कानाडोळा करण्याचा, किंबहुना 'झाला पेपर झाला, आता पुढचा बघा' असे वडीलकीने सांगून तो मिटविण्याचा आपला शिरस्ता आहे. इतर विषयांत तो कदाचित हितावह असेल. व्याकरणाच्या बाबतीत मात्र तो आम्हांस घातक वाटतो, कारण वर्षभर पाठ केलेला नियम विद्यार्थी स्वतःच्या बुद्धीने आणि प्रतिपक्षासमोर बहुधा ह्याच वेळी प्रथम चालवून पाहतो.

अशा परीक्षांत वारंवार आढळणारा एक नमुना घ्या. 'ही इज वन ऑफ दी बॉइज हू' एवढे झाल्यावर पुढे 'हॅज' की 'हॅव्ह'? एक विद्यार्थी म्हणतो, 'वन' एकवचनी आहे, तेव्हा 'हॅज'. त्याची वर्गभगिनी म्हणते, 'हू'चा संबंध 'वन'शी नसून लगतच्या 'बॉइज'शी आहे. ज्या मुलांनी अमुक केले त्यांतला हा एक, म्हणून 'हॅव्ह'. इतक्यात तिसरा विचारतो, 'अगं, पण "वन"च्या आधी "दी ओन्ली" असते तर?' तसे असते तर 'हॅज'च योग्य ठरले असते, हे सर्वांना पटते. आणि त्या एका शंकेने दुसरीचे उत्तर अधिक बळकट होऊन पहिल्याला आपण नेमके कोठे घसरलो त्याचा उलगडा होतो. पण तोच प्रश्न 'आम्हा चौघांचा तिसरा पर्याय आहे' एवढ्यावर निकालात निघाला आणि पाचवा निमूटपणे गप्प बसला, तर तेथे अध्ययन झाले नाही, मतदान झाले, असेच म्हणावे लागेल.

दुर्दैवाने हल्ली हा दुसरा प्रकारच बोकाळला आहे. चुकीच्या उत्तरापोटी त्या प्रश्नाच्या गुणांपैकी एकचतुर्थांश गुण वजा होण्याची धास्ती, आणि खासगी शिकवणीवर्गांकडून त्याच सायंकाळी प्रसृत होणाऱ्या उत्तरतालिका, ह्या दोहोंमुळे विद्यार्थी कारणे सोडून केवळ आकड्यांची रुजवात घालीत बसतो. वस्तुतः महाराष्ट्र लोकसेवा आयोगाने आपली स्वतःची तालिकाही पहिल्या फटक्यात अंतिम मानलेली नाही. प्रथम उत्तरतालिका जाहीर करावी, विहित मुदतीत उमेदवारांच्या हरकती मागवाव्यात, तज्ज्ञांचे अभिप्राय घ्यावेत आणि मगच अंतिम तालिका काढावी, प्रसंगी उत्तर बदलावे वा प्रश्नच रद्द करावा, अशी तजवीज तेथे आहे. फाटकाबाहेरच्या वादाला दप्तरात मिळालेले हे स्थानच नव्हे काय? मात्र मोघम तक्रारीला तेथे किंमत नसते. प्रमाणग्रंथाचा दाखला लागतो.

अमेरिकेतील एक प्रकरण ह्या संदर्भात मननीय आहे. सन 2002 च्या ऑक्टोबरात तेथील शालेय विद्यार्थ्यांनी दिलेल्या पीएसॅट परीक्षेत, टोनी मॉरिसन ह्या लेखिकेच्या प्रतिभेविषयीचे एक वाक्य देऊन त्यातील चूक ओळखावयास सांगितले होते, आणि परीक्षकांच्या मते वाक्य निर्दोष होते. मेरीलँड राज्यातील एका हायस्कूलच्या शिक्षकाने हरकत घेतली की, लेखिकेचे नाव वाक्यात केवळ षष्ठ्यन्त आलेले असल्याने पुढील 'हर' हे सर्वनाम त्या नावाबद्दल योजता येत नाही, असा नियम काही व्याकरणपुस्तकांत स्पष्ट आहे. परीक्षामंडळाने प्रथम ही हरकत फेटाळली. परंतु त्याने चिकाटी सोडली नाही, आणि सन 2003 मध्ये तो प्रश्न रद्द करून गुणांची फेरमोजणी करावी लागली. पुढे काही भाषाशास्त्रज्ञांनी हा नियमच निराधार असून मूळ वाक्यात कोणताही दोष नाही, असे प्रतिपादन केले! तात्पर्य, निवाडा फिरला तरी विषय संपत नाही; विद्यार्थ्याच्या पदरी कायम राहते ती केवळ कारणमीमांसा.

ग्रंथप्रामाण्याविषयीही आपण सावध असावे. रेन आणि मार्टिन ह्यांचे पुस्तक आपल्याकडे पिढ्यान्‌पिढ्या सर्वोच्च न्यायालयासारखे वापरले गेले आहे, व त्याची योग्यताही थोर आहे. तथापि जेथे प्रयोगच द्विविध आहे, तेथे एकाच ग्रंथाच्या आधारे दुसऱ्याला चूक ठरविणे रास्त नव्हे. 'नन' ह्या शब्दापुढे क्रियापद एकवचनीच हवे, असे आजही वर्गावर्गांतून निक्षून सांगितले जाते. वास्तविक इंग्रजी शब्दप्रयोगांचे कोशकार फाउलर ह्यांनी सन 1926 मध्येच हा समज चुकीचा ठरविला आहे. असा प्रश्न पुढे आला की विद्यार्थ्याला दोन्ही बाजू दाखवून, परीक्षेत सुरक्षित पर्याय कोणता आणि भाषेत मान्य प्रयोग कोणते, हा भेद उघड करून सांगणे हे शिक्षकाचेच काम आहे.

म्हणून आमची व्यवसायबंधूंना व भगिनींना विनंती आहे की, परीक्षेनंतरचा पहिला तास नव्या धड्याला न देता प्रश्नपुस्तिकेला द्यावा. अधिकृत तालिका प्रसिद्ध होण्यापूर्वीच प्रत्येकाकडून वादग्रस्त प्रश्नाचे उत्तर कारणासह लिहून घ्यावे; पर्यायाचा नुसता क्रमांक स्वीकारू नये. आपले मत शेवटी सांगावे, आणि ते डळमळीत असेल तर तसेही सांगावे. हरकत घेण्याजोगा प्रश्न निघाल्यास ग्रंथाचे नाव, आवृत्ती व पृष्ठ ह्यांसह ती लिहावयास विद्यार्थ्याला साहाय्य करावे. ती मान्य झाली तर गुण मिळतील. अमान्य झाली तरी एक नियम त्याला मुळासकट कळलेला असेल.